राउटर लावायला निघालात? नेट बंद करून लॅपटॉप तपासा

(दिघी, ता. श्रीवर्धन इथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

 

आज सकाळी आगरदांड्याहून फेरीबोटीने येत होतो. शेजारी उभा असलेला एक मुलगा बोलता बोलता म्हणाला, "सर, केबल-इंटरनेटवाल्याकडे कामाला लागलोय. राउटर लावायला पाठवतात. मालक म्हणतो, स्वतःचा लॅपटॉप घे. सेकंडहँड मिळतोय. त्यात विंडोज ठेवू की लिनक्स?" मी उत्तराला सुरुवात केली आणि दिघीची जेटी आली. तो आता मागच्या रांगेत बसलाय. तेव्हा त्याच्या प्रश्नापासूनच सुरू करतो.

या प्रश्नाला साधारण दोन उत्तरं मिळतात. दुकानदार म्हणतो, "विंडोज टाकून देतो, सगळं चालतं." कॉलेजातला हुशार मित्र म्हणतो, "लिनक्स येत नाही तर तू नेटवर्किंगवाला कसला?" तुझं काम नक्की काय आहे, हे दोघंही विचारत नाहीत. माझी एक फजिती सांगतो, म्हणजे काम काय असतं ते कळेल.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. एका ग्राहकाच्या गोदामातल्या राउटरवर मी ऑफिसात बसून एक नियम टाकला. कोणाला आत येऊ द्यायचं आणि कोणाला नाही, असा तो नियम. चुकीचा टाकला आणि मीच बाहेर राहिलो. घराचं दार बाहेरून ओढून घ्यावं आणि किल्ली आत राहावी, तसं झालं. गोदामाचं इंटरनेट बंद. साहेब म्हणाले, "जा आणि जागेवर जाऊन नीट करून ये."

गेलो. राउटरला कन्सोल नावाचं एक पोर्ट असतं. नेटवर्क पूर्ण बंद असलं तरी त्यातून थेट राउटरशी बोलता येतं. त्यासाठी यूएसबीला लावायचा एक छोटा अडॅप्टर लागतो. मी बाजारातला सगळ्यात स्वस्त घेतला होता. लॅपटॉपवर दुकानातून टाकून घेतलेलं क्रॅक विंडोज होतं. अडॅप्टर लावला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि 'कोड १०'. म्हणजे ड्रायव्हर चालत नाही. दुसरा ड्रायव्हर हवा, तो इंटरनेटवर. इंटरनेट कशातून येतं? जो राउटर बंद आहे त्यातून. पत्र्याच्या गोदामात मोबाईलला रेंज नाही. मॅनेजर माझ्या डोक्यावर उभा.

माझ्या बॅगेत एक पेन ड्राइव्ह होता. कॉलेजात बिघडलेल्या कॉम्प्युटरवरून फायली काढायला मी त्यावर लिनक्स टाकून ठेवलं होतं. लॅपटॉप त्यावरून सुरू केला. अडॅप्टर लगेच ओळखला गेला. त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच होता, वेगळा उतरवायची गरज नव्हती. नियम काढला आणि गोदाम सुरू झालं.

नंतर कारण कळलं. माझ्या अडॅप्टरमधली चिप नकली होती आणि मूळ कंपनीचा नवा विंडोज ड्रायव्हर अशा चिपांना ओळखून काम नाकारत होता. त्या कंपनीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्या तीन चुका होत्या: नियम चुकीचा टाकला, अडॅप्टर नकली घेतला आणि घरून निघण्यापूर्वी तपासला नाही. पण त्या दिवशी जी गोष्ट शिकलो, तीच आज तुम्हाला सांगायला आलोय. आपला धंदा असा आहे की जिथे नेट बंद असतं तिथेच आपल्याला बोलावतात. म्हणून लॅपटॉपवर काय ठेवायचं हे ठरवताना एकच विचारायचं: नेट नसताना यावर माझं काम होतं का?

हे इथे, या किनाऱ्यावर, समजावून सांगायची गरज नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले, मोबाईल गेले. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. कुवेतला, दुबईला बसलेल्या माणसांना आपलं घर उभं आहे की नाही हे कळत नव्हतं. अशा वेळी पुण्या-मुंबईचा इंजिनीअर येईपर्यंत थांबावं लागतं. गावातच कोणाला तरी हे काम येत असेल, तर थांबावं लागत नाही.

आता लॅपटॉपकडून आपल्याला नक्की काय हवं ते बघू. पाच कामं आहेत.

पहिलं, कन्सोलमधून बोलणं. दुसरं, लॅपटॉपच्या केबलच्या पोर्टला हवा तो आयपी पत्ता हाताने देणं. नवा मायक्रोटिक राउटर १९२.१६८.८८.१ वर भेटतो, घरगुती राउटर बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १.१ वर. तुमचा लॅपटॉप त्याच गल्लीत राहायला हवा, नाहीतर भेट होत नाही. तिसरं, एसएसएच किंवा ब्राउझरमधून आत जाणं. चौथं, राउटरला नवं फर्मवेअर देणं. त्यासाठी कधी कधी लॅपटॉपलाच थोडा वेळ टीएफटीपी सर्व्हर व्हावं लागतं. आणि पाचवं, तारेतून काय जातंय ते बघणं. त्यासाठी वायरशार्क आहे.

ही पाचही कामं विंडोजवर होतात, लिनक्सवर होतात, मॅकवरही होतात. राउटरला समोरच्या लॅपटॉपवर काय आहे याचं काही पडलेलं नसतं. फरक पडतो तो अडचण कुठे येते आणि ती तुम्हाला सोडवता येते का, यात.

विंडोजपासून सुरू करू, कारण तुमच्यातल्या बहुतेकांकडे तेच आहे. कन्सोलसाठी पुटी किंवा टेरा टर्म ही मोफत सॉफ्टवेअरं आहेत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर बघायचा, तो पुटीत टाकायचा आणि वेग द्यायचा. सिस्कोला बहुतेक वेळा ९६००, मायक्रोटिकला ११५२००. वेग चुकला की पडद्यावर कचरा अक्षरं दिसतात. राउटर बिघडला असं समजून घाबरू नका, वेग बदला. एसएसएच विंडोज १० मध्ये २०१८ पासून आतच आहे. टीएफटीपीसाठी छोटं सॉफ्टवेअर मिळतं, पण विंडोजची फायरवॉल ते अडवते. फाईल जात नसेल, तर आधी तिकडे बघा. मात्र पूर्ण फायरवॉल बंद करून ती तशीच विसरू नका.

विंडोजची खरी ताकद वेगळीच आहे. बऱ्याच कंपन्यांची जुळणीची सॉफ्टवेअरं फक्त विंडोजसाठी निघतात. आपल्याकडे राउटर लावणारा मुलगाच दुकानात, हॉटेलात, मशिदीत सीसीटीव्ही बसवतो. कॅमेरे नेटवर्कवर शोधून देणारी साधनं बहुतेक विंडोजची. मायक्रोटिकचं विनबॉक्स नावातच विंडोज घेऊन आलं. त्याची चौथी आवृत्ती आता लिनक्सवर आणि मॅकवरही चालते, पण अनेक ठिकाणी जुनीच वापरात आहे. म्हणून कोणी "विंडोज फेकून दे" म्हणालं, तर त्याने कॅमेरे लावलेले नाहीत असं समजा.

विंडोजची अडचण पैशाची आणि वयाची. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत. सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळतात ते नेमके हेच जुने लॅपटॉप. दुकानदार त्यावर क्रॅक टाकून देतो. त्या क्रॅकबद्दल मी शेवटी बोलणार आहे.

आता लिनक्स. चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट किंवा एक्सएफसीई घेतलेलं डेबियन बऱ्यापैकी चालतं. पैसे लागत नाहीत. एसएसएच आतच असतं. स्क्रीन, मिनिकॉम, टीएफटीपी, वायरशार्क हे सगळं घरी एकदा उतरवून ठेवलं की झालं. बहुतेक यूएसबी अडॅप्टरचे ड्रायव्हर गाभ्यातच असतात, आणि माझं काम त्यामुळेच झालं होतं.

पण लिनक्सवरही डोकं धरायची वेळ येते. अडॅप्टर दिसतो, पण उघडताना 'परवानगी नाही' असं येतं. कारण उबुंटू-डेबियनमध्ये सिरियल पोर्ट वापरायला तुमचं नाव डायलआउट या गटात लागतं. एकदा नाव घाला, लॉगआउट करून परत या, काम झालं. दुसरी अडचण आणखी गमतीची. उबुंटू २२.०४ मध्ये सीएच३४० ही स्वस्त अडॅप्टरमधली चिप लावली की ती दिसून लगेच गायब व्हायची. अंधांच्या ब्रेल यंत्रासाठी असलेला ब्रल्टी नावाचा प्रोग्राम ती चिप आपलीच समजून ताब्यात घ्यायचा. तो प्रोग्राम काढला की अडॅप्टर परत. आणि तिसरी अडचण: नवं लिनक्स दहा-पंधरा वर्षं जुन्या राउटरशी एसएसएचने बोलायला नकार देतं, कारण त्या राउटरचं कुलूप आता कमकुवत मानलं जातं. त्या एका राउटरपुरती सूट देता येते. सूट सगळ्यांना देऊन बसू नका.

हे तिन्ही उपाय नेटवर सापडतात, पण तिथे नेट नसणार आहे. म्हणून हे आजच वहीत लिहून घ्या. वही चार्ज करावी लागत नाही.

मॅकबद्दल थोडक्यात. आतून तो युनिक्सच्या घराण्यातला आहे, कन्सोलसाठी स्क्रीन तयार असते, बॅटरी उत्तम. मोठ्या कंपन्यांतले अनेक नेटवर्क इंजिनीअर मॅकच वापरतात. पण २०२० पासूनच्या मॅकमध्ये प्रोसेसर वेगळ्या जातीचा आहे. सरावासाठी आभासी राउटर चालवायचे झाले, तर इंटेलसाठी बनवलेल्या बऱ्याच प्रती त्यावर धड चालत नाहीत. तेवढे पैसे असतील, तर शिकायच्या काळात त्याच पैशात एक जुना लॅपटॉप, दोन जुने राउटर आणि एक चांगला अडॅप्टर घ्या.

मग मागच्या रांगेतल्या मित्राला माझं उत्तर काय? रोजचं काम आणि शिकणं लिनक्सवर कर. मूळ परवान्याचं विंडोज लॅपटॉपसोबत आलं असेल, तर ते पुसू नकोस. एका कोपऱ्यात ठेव, कॅमेऱ्यासाठी आणि जुन्या साधनांसाठी. आणि बॅगेत कायम एक लाइव्ह पेन ड्राइव्ह ठेव. लॅपटॉप बसला, तर समोरच्याच्या परवानगीने त्याच्या कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्ह लावूनही काम होतं.

शिकणं लिनक्सवर का, तेही सांगतो. तुम्ही ज्या डब्याला राउटर म्हणता, तो स्वतःच एक छोटा कॉम्प्युटर आहे आणि त्याच्या पोटात पुष्कळदा लिनक्सच असतं. मायक्रोटिकचं राउटरओएस लिनक्सच्या गाभ्यावर चालतं. सिस्कोच्या आयओएस एक्सई खाली लिनक्स आहे. जुनिपरचं जुनॉस फ्रीबीएसडी या त्याच्या चुलतभावातून आलं.

याची एक गोष्ट मला फार आवडते. २००२ च्या अखेरीला लिंक्सिसने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा घरगुती राउटर बाजारात आणला. लोकांनी उघडून बघितलं तर आत लिनक्स. लिनक्सचा परवाना सांगतो की, हे वापरून वस्तू विकाल तर त्याचा सोर्स कोड लोकांनाही द्यावा लागेल. लोकांनी तो मागितला. २००३ मध्ये कंपनीने तो खुला केला आणि २००४ मध्ये त्यातून ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. आज शेकडो प्रकारच्या राउटरवर ते चालतं. कंपनीने सोडून दिलेला जुना राउटर तुम्ही त्यावर पुन्हा जिवंत करू शकता. लोकांनी आपला हक्क माहीत करून घेतला, मागितला आणि मिळालेलं सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. आपल्या चळवळीला यापेक्षा ओळखीची गोष्ट कोणती असणार?

"लिनक्स अवघड आहे," असं म्हणणाऱ्यांनी याच समुद्राच्या दक्षिणेला बघावं. केरळच्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकतात. ती मुलं काही आकाशातून पडलेली नाहीत.

आता मुलींकडे वळतो, कारण पुढच्या दोन रांगा त्यांच्या आहेत. मला माहीत आहे, बऱ्याच घरांत लॅपटॉप एकच असतो आणि तो भाऊचा असतो. बहिणीला तो मिळतो रात्री, भाऊ झोपल्यावर, "काही बिघडवू नकोस" या अटीवर. तुमच्यासाठी उपाय आहे. १६ किंवा ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यावर लिनक्स टाका, तुमच्या फायली जपणारा भाग ठेवून. लॅपटॉप त्यावरून सुरू करा. तुमचं काम, तुमचा पासवर्ड, तुमचा सराव सगळं पेन ड्राइव्हवर राहतं. घाईत 'इन्स्टॉल' दाबलं नाहीत, तर भाऊच्या विंडोजला धक्का लागत नाही. काम झालं की काढून पर्समध्ये टाका. लॅपटॉप त्याचा असेल, पण कॉम्प्युटर तुमचा झाला. आणि भावांनो, एवढं सगळं करायला लागू नये म्हणून घरात लॅपटॉपचे तास वाटून घ्या. ते जास्त सोपं आहे.

सराव कशावर करायचा? सिस्कोचं पॅकेट ट्रेसर त्यांच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवून मोफत मिळतं. विंडोज, मॅक, उबुंटू तिन्हीवर चालतं. पुढे जीएनएस३ आहे. सीसीएनए परीक्षेची फी ३०० डॉलर आहे, त्यामुळे हात बसल्याशिवाय फी भरू नका. आखातात जाणाऱ्यांना हे विशेष सांगतो. आपल्याकडून वर्षानुवर्षं माणसं तिकडे गेली, पण हाताला कसब असलेला आणि नुसता गेलेला यांच्या पगारात आणि वागणुकीत काय फरक असतो, ते तुमच्या घरातली माणसं सांगतील. मुलाखतीत समोर राउटर ठेवतात आणि म्हणतात, लाव. आणि आता तर इथेच काम येऊ घातलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या १२ औद्योगिक शहरांत दिघीचं नाव आहे. तिथे नेटवर्क कोण उभारणार, आपण की बाहेरून आलेले, हे आज आपण काय शिकतो त्यावर ठरेल.

शेवटी क्रॅकचं बोलतो.

तुम्ही राउटर लावता तेव्हा त्या घराची, दुकानाची, दवाखान्याची किल्ली तुमच्या हातात येते. पासवर्ड तुमच्या लॅपटॉपवर राहतो. डॉक्टरांच्या दवाखान्यातलं नेटवर्क, शेजारच्या बाईच्या घरातला कॅमेरा. आपल्या भाषेत याला अमानत म्हणतात. ज्या क्रॅकने विंडोज फुकट चालू होतं, तो कोणी बनवला, त्यात आणखी काय घातलंय, तुम्हाला माहीत नाही. पासवर्ड चोरणारे प्रोग्राम पसरवायची ती जुनी वाट आहे. म्हणजे दुसऱ्याची अमानत आपण अनोळखी चोराच्या ओसरीवर ठेवतोय. मीही ठेवत होतो. त्या गोदामाचा पासवर्ड तशाच लॅपटॉपवर होता. आठवलं की आजही लाज वाटते. फुकट आणि हक्काचं लिनक्स समोर असताना चोरीचं विंडोज कशाला?

कायदाही लक्षात ठेवा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय अप्रामाणिकपणे त्याच्या यंत्रात शिरणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. वायरशार्क उघडायचं ते आपल्या नेटवर्कवर किंवा परवानगी घेऊन. "नुसतं बघत होतो" हे उत्तर चालत नाही.

इथे एक अवघड गोष्ट बोलतो. इंटरनेटवर या गावाचं नाव टाकलं की जानेवारी १९९३ मध्ये जेटीवर उतरलेली शस्त्रं आजही वर येतात. तुमच्यातले बहुतेक तेव्हा जन्मलेले नव्हते. त्याचा हिशोब तुम्ही कोणाला देणं लागत नाही, आणि आपण प्रामाणिक आहोत हे रोज सिद्ध करत बसायचीही गरज नाही. परवानगी लेखी घेणं, काय बदललं ते तारखेसह लिहून ठेवणं, काम संपल्यावर पासवर्ड मालकाच्या हाती देऊन तो बदलायला लावणं, ही शिस्त जगातल्या प्रत्येक चांगल्या नेटवर्क इंजिनीअरची आहे. ती त्याच कारणाने पाळा. पण उद्या कोणी नाव बघून बोट दाखवलं, तर ती लिहिलेली वही तुमच्या बाजूने उभी राहील, हेही खरं.

आता घरी जाऊन आज रात्री एक परीक्षा द्या. वायफाय बंद करा, मोबाईल डेटा बंद करा. लॅपटॉप, अडॅप्टर आणि कुठलाही जुना राउटर समोर ठेवा. ती पाचही कामं करून बघा, आणि जिथे अडाल ते वहीत लिहा. राउटर नसेल तर माझ्याकडे चार जुने आहेत, जाताना ते इथे ठेवून जातोय. मागच्या रांगेतल्या मित्राकडे एक, पुढच्या रांगांकडे दोन, चौथा ज्याला हवा त्याने घ्यावा. पुढच्या वेळी येईन तेव्हा ते परत मागणार नाही, फक्त त्यांचे पासवर्ड तुम्ही बदललेत का ते बघणार आहे.